कोरडा जीवरक्षक

चंद्रप्रकाश तोरस्करने नानांना बुडताना वाचवलं, आणि त्यापायी त्याचं पाणी कायमचं तुटलं.

आता हे वाक्य विसरा. तसं काही झालेलंच नाही. नाना बुडत नव्हते, हे खुद्द नानांनीच सांगितलं, आणि बुडण्याच्या बाबतीत बुडणाऱ्यापेक्षा जास्त माहिती कोणाला असणार? शिवाय बोरीवली पश्चिमेच्या जलसाधना क्रीडा मंडळाच्या तलावात स्थापनेपासून आजवर कोणीही बुडालेलं नाही. तसा बोर्डच आहे दारात. हा बोर्ड आधी रंगवून आला आणि तलावात पाणी नंतर भरलं गेलं, त्यामुळे त्याच्या खरेपणाबद्दल शंका घ्यायला सुरुवातीपासून जागा नव्हती.

तेव्हा आपण तेलापासून सुरुवात करू.

"चंदू, इकडे ये. हे बघ ना, माझ्या गॉगलवर काय आलं यार?"

एप्रिलमधली सकाळ. हर्षदभाई पाण्यात छातीभर उभे राहून गॉगल पुसत होते. हर्षदभाई मंडळाचे खजिनदार आणि सकाळच्या बॅचचे सर्वांत स्वच्छ सभासद. घरून आंघोळ करून यायचे, तलावावर आंघोळ करून उतरायचे आणि वर आल्यावर पुन्हा आंघोळ करायचे. मधे पोहायचे, ते केवळ दोन आंघोळींच्या मधला वेळ भरून काढायला.

चंद्रप्रकाशने वाकून पाहिलं. पाण्यावर सात रंगांचा पातळ पडदा तरंगत होता. ऊन पडलं की तो हिरव्याचा जांभळा होत होता.

"कोणाची स्कूटर पडली काय आत?" हर्षदभाईंनी विचारलं.

मॅनेजर नंदकिशोर धावत आला. त्याने बोट बुडवलं, वास घेतला, पुन्हा बुडवलं, पुन्हा घेतला.

"खोबरेल आहे," तो म्हणाला.

सगळे एकमेकांच्या डोक्यांकडे बघायला लागले. पण सकाळची बॅच ज्येष्ठांची. त्यातल्या बहुतेकांना केस नव्हते, आणि ज्यांना होते ते इतके थोडे होते की त्यांना एवढं तेल लागलंच नसतं. शोध घेत घेत तो पडदा जिथे सर्वांत दाट होता तिथवर सगळे पोहोचले. ती जागा जीवरक्षकाच्या खुर्चीच्या बरोबर खाली होती.

"चंदू," नंदकिशोर म्हणाला, "टी-शर्ट काढ जरा."

चंद्रप्रकाशने टी-शर्ट काढला. कोपरांच्या खळ्या, मान, गुडघ्यांच्या मागची लवण, सगळीकडे लालभडक चट्टे. काही ठिकाणी कातडी सुकलेल्या गाळासारखी तडकलेली. आणि त्या सगळ्यावर सकाळी पाचला फासलेलं, आता अर्धं पाण्यात गेलेलं, खोबरेल.

"खरूज!" हर्षदभाई म्हणाले, आणि वयाच्या मानाने फारच चपळाईने पाण्याबाहेर आले.

"खरूज नाय हर्षदभाई, इसब आहे. लहानपणापासून आहे. लागत नाय कोणाला."

पण तोवर बॅच वर आली होती. शॉवरखाली रांग लागली होती. पाण्यात एकटे नाना उरले होते. नानांना बाहेर यायला वेळ लागायचा, कारण जमिनीवर त्यांचे गुडघे चालत नसत.

"मी राहतो," नाना पाण्यातूनच म्हणाले. "मला आता काय होणारे? झालं तर जरा तुकतुकी येईल."

*

चंद्रप्रकाश मूळचा मालवणकडचा. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर सगळं घर गोराईच्या दोन नंबरच्या सेक्टरमधल्या बैठ्या खोलीत आलं. पोहणं तो गावच्या विहिरीत शिकला, पाठीला सुके नारळ बांधून. त्याला येत असलेली ती एकमेव गोष्ट, त्यामुळे तिचीच नोकरी केली. लग्नाच्या वेळी 'मुलगा काय करतो' असं विचारल्यावर त्याच्या आईने सांगितलं होतं, "लोकांका बुडाक देय ना." मुलीकडच्यांना वाटलं, बँकेत आहे.

इसब त्याच्यासोबतच जन्मलं म्हणा ना. पण विहिरीचं पाणी आणि तलावाचं पाणी यांत फरक आहे. तलावाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, ती अंगावर वाळते, आणि वाळली की कातडी ओढली जाते. बाहेर आल्या आल्या साध्या पाण्याने अंग धुतलं तर निभावतं. पण धुणार कुठे? सभासदांचे शॉवर सभासदांचे. स्टाफचं बाथरूम होतं, पण त्यात मंडळाच्या गणपतीची मखरं ठेवली होती. दर वर्षी एक नवीन मखर येई, जुनं टाकवत नसे. आत शेषनाग होता, एक राजवाडा होता, बर्फाचा कैलास होता. नळापर्यंत पोहोचायचं तर कैलास ओलांडावा लागे. म्हणून अठरा वर्षं चंद्रप्रकाश सकाळी ओला व्हायचा, उन्हात वाळायचा, पुन्हा ओला व्हायचा, आणि घरी पोहोचेपर्यंत त्याच्या अंगावर सहा तासांची पावडर पापडासारखी चढलेली असायची.

मग खाज. त्याची बायको माधुरी शेजारणीला सांगायची, "आमच्याकडे रात्री रंधा मारायचं काम चालतं." सकाळी चादर झटकली की पोह्यांसारखे पापुद्रे उडायचे. केमिस्ट एक ट्यूब द्यायचा, ती लावली की चार दिवस बरं वाटायचं आणि पाचव्या दिवशी व्याजासकट परत. शेवटी आईने निकाल दिला.

"झिला, त्या ट्यूबी फेक. खोबरेल लाय. माझो बापूस जलमभर तेल लावन दर्यात जाय. कसलीच खाज नाय."

"आये, तो दर्या होता."

"मगे तुजा काय आसा?"

दर्यात तेलाचं काय होतं ते कोणी बघायला जात नाही. पंचवीस मीटरच्या तलावात हर्षदभाई बघतात. एवढाच काय तो आजोबांच्या आणि नातवाच्या काळातला फरक.

*

नियम सरळ होता: त्वचारोग असलेल्या व्यक्तीस पाण्यात प्रवेश नाही. पण दुसराही नियम होता, जीवरक्षकाशिवाय तलाव उघडायचा नाही. आणि भर उन्हाळ्यात, समर कॅम्प तोंडावर आलेला असताना, दुसरा जीवरक्षक मिळणं अशक्य होतं. कमिटीने दोन्ही नियम समोर ठेवून चहा घेतला आणि दोन्ही पाळायचं ठरवलं.

"तुला काढत नाही आहोत," नंदकिशोर म्हणाला. "तू जीवरक्षकच आहेस. फक्त कोरडा."

"म्हणजे?"

"म्हणजे शर्ट-पँट घालून खुर्चीवर बसायचं. पाण्याला हात लावायचा नाही."

"आणि कोणी बुडायला लागलं तर?"

"शिट्टी वाजव."

"वाजवली. मग?"

"मग मला फोन कर. मी ऑफिसातच असतो."

"साहेब, तुम्हाला पोहता येतं?"

नंदकिशोर दुखावला गेला. "फायर ब्रिगेडला फोन करायला पोहता यावं लागत नाही."

हे सगळं मेअखेरपर्यंत. मेच्या शेवटच्या रविवारी जीवरक्षकाची फिटनेस असे. कमिटीचे डॉक्टर अंग तपासत, मग दोन फेऱ्या पोहून दाखवायच्या, पास झाला तर पुढल्या वर्षाचं कंत्राट. या वर्षी अंग साफ नसेल तर चंद्रप्रकाश पाण्याबाहेर, आणि पाण्याबाहेर त्याला काहीच येत नव्हतं.

तो खुर्चीवर बसू लागला. इस्त्रीचा शर्ट, काळी पँट, पायात बूट. दुरून बघणाऱ्याला वाटे, कोणीतरी लग्नाला निघालंय आणि वाटेत तलाव लागलाय. समर कॅम्पची पोरं त्याला 'सर' म्हणू लागली. पूर्वी ती त्याला 'चंदूकाका' म्हणत आणि पाण्यात त्याच्या खांद्यावर चढत. आता एखादं पोर नाकातोंडात पाणी जाऊन खोकलं की तो खुर्चीतून अर्धा उठायचा आणि पुन्हा बसायचा. दिवसातून चाळीस वेळा अर्धा उठायचा. संध्याकाळपर्यंत त्याच्या मांड्या इतक्या भरून यायच्या की पोहून कधी आल्या नसतील.

*

माधुरीने त्याला ओढत सरकारी दवाखान्यात नेलं. कातडीच्या विभागात डॉ. स्वरदा म्हणून एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी चंद्रप्रकाशचा हात उलटापालटा करून पाहिला आणि आधी ट्यूब मागितली. ट्यूबवरचं वाचून ती सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"पोहणं सोडायचं ना मॅडम?" चंद्रप्रकाशने विचारलं.

"कोणी सांगितलं सोडायला? पोहा. पण बेत करून पोहा." त्यांनी हाताची कातडी चिमटीत धरली. "ही तुमची भिंत. इतरांची पक्क्या विटांची असते, तुमची कच्ची. पाण्यात जायच्या आधी साध्या पाण्याने अंग भिजवायचं, मग हे पांढरं मलम पातळ लावायचं, मुरू द्यायचं. केकवर क्रीम लावल्यासारखं नाही."

"हे तेल लावून गेले होते," माधुरी म्हणाली. "वाटी भरून."

"वाटीभर तेल पोळ्यांना. बाहेर आलात की लगेच अंग धुवायचं. लगेच म्हणजे चहा पिऊन नाही. घासायचं नाही, टिपायचं, आणि अंग दमट असतानाच परत मलम. भेगा पडल्या असतील किंवा पाण्यात औषध जास्त असेल तेव्हा उतरायचंच नाही."

"आणि मॅडम, ते... लागतं का दुसऱ्याला?"

"इसब? छे. तुमचं इसब तुमचंच. कोणाला द्यायचं म्हटलं तरी देता येणार नाही."

चंद्रप्रकाश थोडा सरळ होऊन बसला. खोली भाड्याची, सायकल मेव्हण्याची, खुर्ची मंडळाची. संपूर्णपणे त्याच्या मालकीचं असं हे पहिलंच काही निघालं होतं.

आणि चमत्कार म्हणजे, अंग बरं व्हायला लागलं. पाणी नाही, पावडर नाही, दोन वेळा मलम. तीन आठवड्यांत कोपरं नितळ. माधुरी हात फिरवून बघायची. "अहो, लग्नातसुद्धा अशी नव्हती कातडी. तेव्हा मला वाटलं होतं, हळद नीट लागली नाही."

पण माणूस वाळत चालला होता. जेवणावरचं लक्ष उडालं. दुपारी घरी आला की बाकावर पालथा पडून हात मारायचा, एक, दोन, श्वास, एक, दोन, श्वास. दम तुटू नये म्हणून. आई मोरीशी भांडी घासता घासता बघायची.

"खंय पावलंस रे?"

"गोराईची खाडी ओलांडली आये."

"बरा. येताना सुकट घेवन ये."

शुक्रवारी डॉ. स्वरदांनी सर्टिफिकेट दिलं. त्वचा पूर्ण बरी, आजार संसर्गजन्य नाही, योग्य काळजी घेऊन पोहण्यास हरकत नाही. चंद्रप्रकाशने ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि ती डब्याच्या पिशवीत. रविवारी फिटनेस. मधे फक्त शनिवार होता, आणि शनिवारी असं काय होणार होतं?

शनिवारी समर कॅम्पच्या एका पोराने पाण्यात शी केली.

*

नंदकिशोरने सगळ्यांना तलावाबाहेर काढलं. पंपवाल्याने एरवीच्या चौपट पावडर मारली, फिल्टर चालू केला, बाकी सगळ्या लायनींचं पाणी बंद करून तो जेवायला गेला. पाण्याला असा वास येत होता की कावळेसुद्धा कुंपणावर बसून बघत होते. संध्याकाळपर्यंत कोणीही उतरायचं नाही. चंद्रप्रकाशला रिकाम्या तलावाची राखण करायला बसवलं. उतरायची बंदी असलेल्या माणसाने, उतरायची बंदी असलेल्या पाण्यावर लक्ष ठेवायचं. या कामाला तो अगदी लायक होता.

दुपारी तो डबा खायला खोलीत गेला. परत आला तेव्हा खोल बाजूला एक पांढरी टोपी तरंगत होती.

नाना नेहमी मागच्या फाटकातून येत. संस्थापक सभासद म्हणून त्यांच्याकडे किल्ली होती. आज पोहता येणार नाही हे त्यांना कोणी कळवलं नव्हतं, आणि कळवलं असतं तरी ते आले असते. सत्तरीपुढच्यांनी खोल भागात जायचं नाही, हाही नियम होता. एकदा जरी प्रसंग गुदरला तरी सभासदत्व रद्द, हा त्याच्या पुढचा. नाना एकोणऐंशीचे होते.

टोपी हलली नाही. टोपीखाली डोकं होतं आणि डोक्याखाली नाना, उभेच्या उभे, जसे रांगेत उभे असावेत.

चंद्रप्रकाशने शिट्टी वाजवली. हुकूम तसा होता. जोरात वाजवली. कावळे उडाले. त्याने फोन लावला. नंदकिशोरचा फोन बिझी होता. शिट्टीतून दुसऱ्यांदा हवा काढताना त्याच्या लक्षात आलं की तो एका म्हाताऱ्याला शिट्टी वाजवून दाखवतोय.

मग तो बुटांसकट गेला.

पाण्यात डोळे उघडले तशी डोळ्यांत आग झाली. नानांना काखेतून धरलं. ते हलके होते, भिजलेल्या टॉवेलएवढे. काठावर आणून पालथं घातलं, पाठ दाबली. नाना खोकले, ओकले, पुन्हा खोकले, आणि मग शिव्या दिल्या. शिव्या ऐकून चंद्रप्रकाशला हायसं वाटलं. शिव्या द्यायला श्वास लागतो.

"गोळा आला पायात," नाना म्हणाले. "नुसता गोळा. मी सुटणारच होतो."

"हो नाना. बसा. हलू नका."

आणि मग अंगाला चुणचुणी सुरू झाली.

मानेपासून सुरू झाली आणि इस्त्रीच्या शर्टाखालून उतरत गेली. चौपट पावडर. उद्या फिटनेस. धुवायला हवं, आत्ता, लगेच, चहा पिऊन नाही. सर्टिफिकेट डब्याच्या पिशवीत तीन पिशव्यांच्या आत सुखरूप कोरडं होतं. अंग मात्र बाहेर राहिलं होतं.

तो शॉवरकडे धावला. नळ फिरवला. फुस्स. दुसरा, तिसरा, लेडीजचा. फुस्स. लायनी बंद होत्या. स्टाफच्या बाथरूमचं दार ढकललं तर शेषनाग अंगावर आला. चंद्रप्रकाश गरगर फिरला. पूर्ण आवारात पाणी दोनच ठिकाणी होतं. एक तलावात, म्हणजे ते धरायचं नाही. आणि एक पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये.

कूलरला स्टीलचा ग्लास होता आणि ग्लासाला साखळी होती, कोणी पळवू नये म्हणून. साखळी तोंडापर्यंत पोहोचेल एवढीच. चंद्रप्रकाशने ग्लास भरला आणि हातावर ओतला. दुसरा भरला, दुसऱ्या हातावर. मान धुवायची तर मान ग्लासाखाली न्यावी लागत होती, म्हणून तो कूलरसमोर गुडघ्यांवर बसला आणि नंदीपुढे बसल्यासारखं डोकं घालून पाणी ओतू लागला. बर्फासारखं पाणी. शर्टाची बटणं तोडली. छातीवर ग्लास. पाठीपर्यंत साखळी पोहोचत नव्हती. त्याने हिसका दिला. साखळी चांगल्या प्रतीची होती.

"पुरव रे," तो साखळीला म्हणाला. "पुरव ना. थोडीच राहिलीय."

हर्षदभाई आत आले ते ह्या वेळी.

"चंदू! पिण्याच्या पाण्यात आंघोळ? खरूज घेऊन?"

"हर्षदभाई, नाना बुडत होते, मी उडी—"

हर्षदभाईंनी वळून पाहिलं. नाना पायरीवर बसले होते. टॉवेल गुंडाळलेला, टोपी काढलेली, चेहरा अगदी सभ्य.

"नाना? काय झालं?"

नानांनी हर्षदभाईंकडे पाहिलं. मग पाण्याकडे पाहिलं.

"मला? मला काय होणार? मी पाय सोडून बसलो होतो. ह्याने एकदम उडी मारली."

*

संध्याकाळी नाना रिक्षाने गोराईला आले. रिक्षातून उतरून दारापर्यंत यायला त्यांना एवढा वेळ लागला की माधुरीला त्यांना हाकलून द्यायचं ठरवून, ते रद्द करून, परत ठरवायला पुरला.

चंद्रप्रकाश उघडा बसला होता. मानेवर, पाठीवर, कोपरांत, सगळं परत फुललं होतं. तीन आठवडे कुठे गेले कळत नव्हतं. तो खाजवत नव्हता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

"नाना, आधी ह्यांच्याकडे बघा," माधुरी म्हणाली. "नीट बघा. मग बोला काय ते."

नानांनी पाहिलं. बराच वेळ काठीची मूठ चोळत राहिले.

"सून म्हणते, गेला तर गेला बिचारा, पण तलावात नको, पोलीस येतात," ते म्हणाले. "सभासदत्व गेलं की किल्ली जाते. चंदू, जमिनीवर मला तीन पाय लागतात रे. पाण्यात एकही लागत नाही."

"म्हणून खोटं बोलायचं?" माधुरी म्हणाली. "ह्यांची नोकरी जाणार उद्या!"

"नाही. उद्या सांगतो मी. सगळ्यांसमोर. मी बुडत होतो, ह्याने मला काढलं. शब्द देतो, सूनबाई."

"मी तुमची सून नाही."

"तेच बरंय," नाना म्हणाले, आणि आईने पुढे केलेला चहा सगळा पिऊन गेले.

*

रविवारी कमिटी तलावाकाठी प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली. पाणी निवळलं होतं, तळातली निळी फरशी दिसत होती. कमिटीचे डॉक्टर नितेश दाताचे होते. सभासदांमध्ये फुकट येणारे तेवढेच डॉक्टर होते. त्यांनी सवयीने चंद्रप्रकाशला आधी आ करायला लावला. दात उत्तम होते.

मग टी-शर्ट.

"अरेरे," डॉक्टर नितेश म्हणाले. हे ते खालच्या दाढेला म्हणत तसंच म्हणाले.

चंद्रप्रकाशने सर्टिफिकेट काढलं. तीन पिशव्या उघडायला वेळ लागला. डॉक्टरांनी वाचलं. "हे शुक्रवारचं आहे. शुक्रवारी तुम्ही फिट होतात, हे मी मान्य करतो. आज रविवार आहे."

"पोहून दाखवू का सर? दोन नाही, वीस फेऱ्या मारतो."

"पोहायचं कसं? पाण्यात जावं लागेल ना."

नंदकिशोर वाईट माणूस नव्हता. त्याने चंद्रप्रकाशला बाजूला घेतलं. "ऐक. काल पाण्यात उतरलास, हुकूम मोडलास, हर्षदभाईंनी लेखी दिलंय. पण कोणी बुडत असेल तर नियम वेगळा होतो. जीव वाचवताना अंग बिघडलं, मग मी कमिटीला पटवतो. महिनाभराची मुदत घेऊ, बरा हो, मग फिटनेस. फक्त नाव सांग. कोण बुडत होतं?"

चंद्रप्रकाशने मागे पाहिलं.

नाना शेवटच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी आज धोतर-कोट घातला होता, खरं बोलायला जाताना घालावा तसा. नंदकिशोरचा प्रश्न त्यांना ऐकू गेला होता. ते उठायला लागले. काठी टेकली, अर्धे उठले. तोंड उघडलं. आणि तसेच राहिले. त्यांची नजर पाण्यावर गेली होती. सकाळच्या बॅचचा कोणीतरी संथ पाठीवर पोहत चालला होता, डोळे मिटून, हात न हलवता.

ते अर्धं उठणं चंद्रप्रकाशच्या ओळखीचं होतं. महिनाभर दिवसातून चाळीस वेळा तो तसाच उठला होता.

नाना खाली बसले. काठी आडवी मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"चंदू?" नंदकिशोर म्हणाला. "कोण बुडत होतं?"

"कोणी नाय."

"मग उतरलास कशाला?"

"लेखी देतो साहेब."

ऑफिसात त्याला टेबल, कागद आणि सुतळीला बांधलेलं पेन मिळालं. कोपरं टेबलावर टेकवत नव्हती, म्हणून हात अधांतरी धरून त्याने लिहिलं. बाहेर हर्षदभाईंचा शॉवर चालू होता. त्याने अक्षर चांगलं काढलं.

*प्रति, मा. सचिव, जलसाधना क्रीडा मंडळ, बोरीवली (प.)*

*विषय : पाण्यात उतरल्याबाबत खुलासा.*

*महोदय, मी चंद्रप्रकाश सीताराम तोरस्कर, जीवरक्षक (कोरडा), आपल्या तोंडी विचारणेस अनुसरून खुलासा सादर करतो की, शनिवारी दुपारी तलावात कोणीही बुडत नव्हते. आपल्या तलावात कोणी बुडत नाही, हे मला मान्य आहे. तरीही मी बुटांसह उतरलो, उतरण्यापूर्वी अंग धुतले नाही व मलमही लावले नाही, ही माझी चूक आहे. वेळ कमी होता.*

*तरी माझी मंडळास नम्र विनंती की, यापुढे ज्या सभासदांना बुडावयाचे असेल त्यांनी किमान अर्धा तास आधी ऑफिसात कळवावे, म्हणजे जीवरक्षकास रीतसर तयारी करून उतरता येईल. पावडर मारलेल्या दिवशी शक्यतो बुडू नये. आणि बुडणारा सभासद वयस्क असल्यास, तो बुडत होता की नव्हता याची चौकशी न करता, त्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात सोडावे.*

*विनंती मान्य व्हावी. कळावे.*